नखं कापून ये

तीन महिने झाले, अँब्युलन्स दुसऱ्याकडे आहे.
माझ्याकडे भोंगा तेवढा राहिला,
कानाच्या आत, चावी नसलेला.
कुकरची शिट्टी झाली की पाय
फरशीवर ब्रेक शोधतो.
उज्ज्वला हल्ली शिट्टीच्या आधीच गॅस बंद करते.
भात कच्चा राहतो.
कुणी काही बोलत नाही.

साखरप्याहून येताना, अंबा घाटात,
मागच्या स्ट्रेचरवरून एक बाई विचारत होती,
आलं का कोल्हापूर?
मी म्हणत होतो, आलं, आलं.
मलकापूर गेलं.
बांबवड्यापाशी तिनं पुन्हा विचारलं.
त्यानंतर विचारलं नाही.
मी मात्र म्हणत राहिलो, आलं, आलं,
शिवाजी पुलापर्यंत.

गोळ्या आहेत. झोप येते, ओल्या गोणपाटासारखी.
खांदे झोपत नाहीत.
सकाळी दात दातांवर घट्ट बसलेले,
जणू रात्रभर काहीतरी सुटू दिलं नाही.

गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येतात.
उभ्या उभ्या धार, फेसाचा ग्लास,
तालमीतली पोरं ओठ पुसत निघून जातात.
मी ग्लास घेतला, निम्मं दूध मनगटावर.
इराप्पा गवळ्यानं पाहिलं.
काय झालं, विचारलं नाही.
म्हणाला, "बस खाली. धार काढ."

चंद्रीच्या शिंगांवर पाडव्याचा रंग
अजून थोडा शिल्लक, हिरमुसलेला गुलाबी.
मी सड धरला. थेंब नाही.
पुन्हा धरला. तिनं शेपटी हाणली कानशिलात.
मागं कुणीतरी हसलं.

"दूध हाय तिच्यात. तुला द्यायचं न्हाई म्हनत्या.
स्टेरिंग धरल्यागत धरलायस.
कोन हाय मागं?"

कोण आहे मागं.
मी मान वळवली नाही.

"ऊठ. डोकं टेक तिच्या कुशीला.
आसं. आता काय करू नगंस."

ऊबदार, ओलसर. शेणाचा नि पेंडीचा वास.
आत कुठंतरी मोठं जातं फिरत होतं.
तिचा एक श्वास येऊन जाईस्तोवर
माझे तीन होऊन जायचे,
गळ्यापाशीच वळून परतणारे.
मग दोन.
मग दीड.

"ह्या पायावरनं त्या पायावर ये. घाई न्हाई.
आन् सोडताना लांब सोड.
घ्यायचं कुनाला शिकवाय लागत न्हाई."

डावी टाच. उजवी टाच.
कपाळ तिच्या कातड्यावर घासत इकडून तिकडं.
हात खाली लोंबत राहिले,
पोहरा काढून घेतलेल्या दोरासारखे.
बोटं एकेक करून स्टिअरिंगवरून उठली,
अंगठा सगळ्यात शेवटी.
जांभई आली. मग दुसरी, जबडा मोडेल अशी.
डोळ्यांतून पाणी, ते रडणं नव्हतं,
किंवा असेलही.
म्हशीनं चौकशी केली नाही.

तेवढ्यात रंकाळ्याच्या बाजूनं भोंगा.
खरा.
माझे खांदे कानांपर्यंत चढले.
चंद्रीचा एक कान तिकडं वळला,
गाडी सीपीआरकडे जाईपर्यंत तिनं सगळं ऐकलं,
मग कान जागेवर आला
आणि रवंथ सुरू, थांबलं होतं तिथूनच.

मला तेवढं जमत नाही अजून.
कान परतला, एक खांदा वरच राहिला.
लांब सोडला. पुन्हा सोडला.
तिसऱ्या श्वासाला "आलं" ओठांशी आलं.
जाऊ दिलं.

मग खाली बसलो. सड धरला नाही,
नुसता हात लावला.
बराच वेळ काही नाही.
मग चरवीच्या पत्र्यावर बारीक आवाज.
मग अजून एक.
पाव लिटरसुद्धा नसेल.
इराप्पानं चरवी तिरपी करून बघितली,
शाबासकी दिली नाही.
"उद्या ये," म्हणाला. "नखं कापून ये."

घरी नेलकटर शोधत होतो, कपाटात, टीव्हीमागं.
उज्ज्वलानं विचारलं, भात लावू?
म्हटलं, लाव.
एक शिट्टी होऊ दे.
एकच.