नदीच्या रुंदीचा आवाज

बाबांना हळू बोलता यायचं नाही.
मीठ मागितलं तरी पलीकडच्या काठावरून मागितल्यासारखं.
आई म्हणायची, एलेउतेरिओ, मी इथंच आहे,
चुलीपाशी. आपल्या मध्ये नदी नाही.

सेनिसा नदीवर एकतीस वर्षं त्यांचा तराफा.
जाड तारेला अडकवलेला, गाडी मावेल एवढा.
चाक फिरवून नाक जरा तिरकं करायचं,
बाकीचं काम प्रवाहाचं.
"मी काय करतो," म्हणायचे, "नदीला कोन दाखवतो, झालं."
पोहता मात्र येत नव्हतं.
हे आम्हाला ते गेल्यावर
काकाकडून कळलं.

पलीकडे कुणी येऊन उभं राही आणि हाक मारी.
लोकरीचे गठ्ठे घेऊन निघालेला मेंढपाळ, सुईण,
कोयाइकेहून पगार घेऊन येणारा मास्तर,
एकदा दातांचा डॉक्टर, खुर्चीसकट.
बाबा मातेचा प्याला अर्धा ठेवून
दारातूनच ओरडत : आलो!
मग डोंगरही म्हणे, आलो.
किती जेवणं गार केली त्या एका शब्दानं.

शाळेत मला लाज वाटे.
ते मास्तरांशी बोलले की माझे गुण
अख्ख्या वर्गाला कळत, शिवाय बाहेरच्या घोड्यांना.
मग मी ठरवून हळू बोलायला शिकले.
इतकं हळू, की ते "काय? काय?" करत राहत
आणि मी म्हणे, काही नाही.
ते बरंच काही असायचं.

त्यांना हळू बोलताना मी दोनदाच पाहिलं.
एकदा कुणाचा तरी काळा बैल
ऐन धारेत तराफ्यावर बसला तो उठेना.
फळ्या कलल्या, मालक देवाचं नाव घेऊ लागला.
बाबा बैलाच्या कानाशी वाकले
आणि तासभर काहीबाही सांगत राहिले.
काय, ते कधी सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा, माझा अमारो झाला तेव्हा.
बोइना टोपी छातीशी धरून
पाळण्यावर तसेच वाकलेले.
मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होते :
ते त्याला नदीची खोली सांगत होते,
महिन्यावार.

पुढे पूल झाला.
उद्घाटनाला त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली.
आम्हाला वाटलं, आता काही कडू बोलतील.
म्हणाले, "चांगला रुंद आहे. बैल बसला तरी चालेल."
सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

त्यानंतर घरात आवाज तेवढाच, काम काही नाही.
अमारोला तोच आवडायचा.
दोघं फुटबॉलचा सामना बघायला बसले
की कुत्रं आपणहून उठून अंगणात जाई.

दवाखान्यात नर्स ओठांवर बोट ठेवायची.
शेवटच्या आठवड्यात गरज उरली नाही.
ओठ हलत, शब्द येत नसे.
मी अगदी तोंडाशी कान नेला,
काय? बाबा, काय?
त्यांनी मान हलवली.
काही नाही.

काल अमारो फोनवर कुणाशी तरी बोलत होता.
सतरावं सरतंय, आवाज नुकताच फुटलाय.
काचा थरथरल्या, आईनं विणकाम थांबवलं.
हळू बोल, माझ्या जिभेवर आलं होतं.
मी चुलीत एक लाकूड सरकवलं.
कुत्रं उठलं,
आळस दिला,
आणि अंगणात जाऊन बसलं.