चार रिव्ह्यू

एकोणीस वर्षं ग्रिम्सबीतले बॉयलर दुरुस्त करतोय
आणि नेटवर माझे रिव्ह्यू चार.
त्यातला एक मेहुण्याचा.
एकच तारा देणाऱ्याच्या घरी तर मी कधी गेलोच नाही.

मुलगी म्हणते, डॅड, रडल्याशिवाय आईही पाजत नाही.
तिने कार्डं छापून दिली,
कोपऱ्यात तो काळा-पांढरा चौकोन.
पान्यांच्या पेटीत पडून तेलकट झाली सगळी.

काल मिसेस टॅसकर, वय शहाऐंशी,
तीन दिवस घरात कोट घालून बसलेल्या.
पंप बदलला. रेडिएटर आधी कुरकुरला,
मग पोटात काही गेल्यासारखा गुरगुरला.
त्यांनी त्यावर दोन्ही हात ठेवले,
ठेवूनच दिले.

तेव्हा धीर करून कार्ड पुढे केलं.
चष्मा लावून वाचलं, उलटून पाहिलं,
"माझा फोन भिंतीवरचा रे. लिहू कुठे?"
मग कार्डाच्याच पाठीवर, पेन्सिलीने:
बूट दारात काढले.
कप विसळून ठेवला.
बोटं आता वाकतात.

कार्ड गाडीत आहे, काचेपाशी.
मुलगी म्हणते, फोटो काढून टाक ना.
टाकीन.
आधी मेहुण्याला सांगायचंय,
तुझा तेवढा काढ.