डावखुरा

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा हात फिरवला,
पत्रा पालथा धरून खालून मेणबत्तीचा धूर दिला
आणि रूल्फिन म्हणाली, हे बघ,
ही ड्रेन्तेची दलदल. अजून कुणी खणलेली नाही.

मी तिचा शिकाऊ, छापयंत्राचं चाक ओढणारा.
सुई जाईल तिथं काजळीखालचं तांबं चमके.
उजेड उकरायचा, कागदावर तोच काळा उमटायचा,
एचिंगचं हे उफराटं गणित
मला पहिला हिवाळाभर कळलं नाही.

बाहेर हार्म जळणाच्या मातीच्या विटा कापत होता
गुडघाभर गढूळ पाण्यात.
तिनं त्याला दिसला तसा ओढला,
वाकलेला, कुदळीवर डावा हात.

मग तेजाब.
रेघेरेघेतून बुडबुडे वर येत
ते मी हार्मच्याच अंगणातल्या हंसाच्या पिसानं झाडायचो.
आभाळाला दोन मिनिटं पुरे, म्हणाली,
आणि आभाळावर लाखेचा लेप दिला.
लांबच्या चराला सहा.
पाठीला वीस.
वीस मिनिटं मी खोकत उभा.

पहिला छाप वाळला तेव्हा हार्म आला,
लाकडी जोडे दाराबाहेर काढून.
बघत राहिला. टोपी या हातातून त्या हातात.
"हा मी नव्हे.
हा उजवा आहे."

शाळेत मास्तरांनी डावा हात बाकाला बांधला होता,
पाद्री त्याला सैतानाचा म्हणाले,
सासऱ्यानं तर कुदळच उजवी करून दिली.
"मी कुणाला बधलो नाही, बाई.
आणि तुझ्या या चरकानं
एका फेऱ्यात सरळ केलं मला."

रूल्फिन हसली नाही.
पत्रा पुसून त्याच्यापुढे धरला:
यात तू डावाच आहेस.

त्यानं कागद टेबलावर ठेवला
आणि पत्रा काखेत मारून चालू लागला.
पुढचे एकोणचाळीस छाप तसेच राहिले.
ग्रोनिंगनच्या दुकानदाराचं पत्र आलं, मग दुसरं आलं.
तिनं चुलीत घातली.

पत्रा हार्मच्या स्वयंपाकघरात टांगलेला आहे.
मातीच्या धुरानं काळवंडतो,
म्हणून हिल्लेचिन दर शनिवारी
भांड्यांबरोबर तोही वाळूनं घासते.
आभाळ पहिल्याच वर्षी गेलं.
चर गेल्या नाताळपर्यंत होता.

परवा अंडी आणायला गेलो
तर म्हातारा नसताना बोट फिरवून पाहिलं.
पाठ अजून नखाला लागते.
डावा हातही.