बोलिव्हिया, दहा रात्री

कॅनडा कॉर्नरच्या आमच्या ऑफिसात
पेखळेकाका आले, हेल्मेट काखेत.
मी नेहमीची टेप लावली:
उयुनीचं मीठ, काका, आभाळ पायाखाली येतं,
ला पाझला केबल कार,
तितिकाकात लव्हाळ्याच्या होड्या…

ते बोटाला थुंकी लावून
माहितीपत्रकाची पानं मोजत होते.

"पोतोसी. तिथली जुनी टांकसाळ.
किती वेळ ठेवलाय?"
दीड तास.
"मीठ कमी करा."

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
दिवसभर हाताखालून लाखो,
सुटताना गेटवर हात वर,
खिसे उलटे, डब्याचं झाकणसुद्धा उघडं.

तिथं म्हणे खेचरं फिरवायची चाकं,
चांदीची पट्टी पातळ व्हायची गोल गोल फिरून.
"खेचरांचं जाऊ द्या," काका म्हणाले,
"माणसं घरी सोडताना
कुठल्या दारातून सोडायचे,
तेवढं दार बघायचंय."

मी लिहिलं: पोतोसी, पूर्ण दिवस.

ॲडव्हान्स त्यांनी खिडकीबाहेर बघतच मोजला,
नुसत्या बोटांनी.
मी पुन्हा मोजला. सवय.

मान वर केली तर
काका खुर्चीतून उठलेले,
हसत,
दोन्ही हात वर.