गळती

चौतीस वर्षं मी लोकांच्या घरचे मीटर वाचले.
धनकवडी, बालाजीनगर, आंबेगाव पठार,
जिन्याखाली वाकून, टॉर्च दातांत धरून,
कुत्र्यांना नावानं ओळखत.
त्यामुळे तपकीर गल्लीतल्या ललवाणीनं
खोक्यावर बोट ठेवून "दहा हजार, काका" म्हटलं
तेव्हा मी नुसतं "बघू" म्हणालो.
लिहिलेला आकडा वेगळा, मोजलेला वेगळा,
हे मला कुणी शिकवायला नको.

घरी नेण्याआधी वाण्याच्या काट्यावर ठेवलं.
दोनशे अठरा ग्रॅम.
"साबणाच्या दोन वड्या," वाणी म्हणाला.
काळं अंग, हात लावला की ठसे उठतात.
चार दिवे, त्यातला तिसरा जरा मंद.

जुनी रीडिंगची वही काढली, मागची पानं कोरी होती.
मधे एक चिमुकला मीटर लावला, दीडशे रुपयांचा,
सवय जात नाही.
फोन एकदा पोटभर, दुसऱ्यांदा पाव पोट.
शेवटचा दिवा मात्र चिवट,
तास-दीड तास लुकलुकत राहिला
आणि मग काही न सांगता गेला.
बेरीज केली. पुन्हा केली.
सहा हजार दोनशे चाळीस.

उरलेले तीन हजार सातशे साठ?
नोकरीत असतो तर सरळ खांबाकडे बघितलं असतं,
कुणी आकडा टाकलाय म्हणून.
ललवाणीकडे गेलो, वही उघडून दाखवली.
तो चिडला नाही.
"काका, आतला दाब वेगळा, बाहेरचा वेगळा.
आतनं बाहेर यायचं म्हणजे घाम येणारच."
खरं बोलला. तो घाम माझ्या तळहाताला
तीन दिवस लागत होता.

वहीत खरेदीचं कारण लिहायचं राहिलं, ते आता लिहितो.
तापानंतर हेमलताला ऐकू येईनासं झालं, त्याला तीन वर्षं झाली.
मी बोलतो, टॅबलेट लिहितो, ती वाचते.
पूर्ण उजेड आणि माइक सतत चालू,
साडेपाच तास टिकतो.
गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, पाणीही.
मागच्या महिन्यात असंच पावणेतीनला,
मी म्हणत होतो की
आणि पडदा काळा.
ती थोडा वेळ पडद्याकडे बघत बसली,
मग मटार सोलायला घेतले.
संध्याकाळी लाइट आली तेव्हा विचारलं तिनं,
काय सांगत होतात?
मला आठवेना.

हा गुरुवार. नऊ दहाला लाइट गेली.
दोन वीसला नऊ टक्के, तेव्हा जोडलं.
पडदा चालूच ठेवला.
आकडा चढत होता, पण गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा,
एकेका पायरीवर थांबत.
पाचला अठ्ठावन्न.
म्हटलं, हिलाही हिशेब कळावा,
आणि नीट, सावकाश, माइकच्या तोंडाशी म्हणालो:
"गळती अडतीस टक्के."

पडद्यावर उमटलं:
गलती अडतीस टक्के.

तिनं चष्मा वर केला. आवाज तिचा हल्ली जरा मोठाच लागतो,
खालच्या मजल्यावरही गेला असेल.
"अडतीसच? मी जास्त धरली होती."

मी इतका हसलो की ठसका लागला.
टॅबलेटनं तेवढी ओळ कोरी सोडली.

शेरा लिहायला पेन उचललं.
घेण्यास हरकत नाही, तिसरा दिवा मंद,
सोबतची वायर आखूड, दुसरी घ्यावी,
एवढ्यात स्वयंपाकघरात उघडी राहिलेली तोटी
खाकरली, फुरफुरली,
आणि पडद्यावर एकापाठोपाठ आलं:
हो हो हो हो

"कशाला हो म्हणताय?" हेमलतानं विचारलं.
मी बादली शोधायला उठलो.