काठावरचं नाव

तिन्नीस बेटावर गोडी विहीर नाही.
नाईल फुगते तेव्हा खारं पाणी मागे सरतं,
तेवढ्या दिवसांत टाकी भरून घ्यायची
आणि वर्षभर पेल्यानं मोजायची.

तकलाला धागे मोजता येतात, अक्षरं नाही.
आजा कॉप्ट, बाप कॉप्ट, माग कॉप्ट,
काठ मात्र अरबी.
कातिब मुअम्मल कागदावर नमुना आणतो,
ती बोट ठेवून पाहते:
इथं तीन बगळे उभे, एका पायावर,
इथं होडी, होडीखाली एक ठिपका,
इथं मान वळवून बसलेलं कुणीतरी.
खलिफाचं नाव म्हणे असं दिसतं.
तांबडं रेशीम, चार बोटं रुंद,
दिवसाला अर्धा दिरहम,
त्यातून मागाचं भाडं वजा.

अडीच हात झाला होता काठ.
दुपारी दिमयातची होडी लागली,
धक्क्यावरचे हमाल आधीच कुजबुजत होते.
मुअम्मल आला तेव्हा त्याच्या पागोट्याला
नेहमीची घडी नव्हती.
"थांबव. तो गेला.
नावाचा भाग उसव. बरकत राहू दे,
अल्लाह राहू दे. तेवढं दोघांनाही चालतं."

कसा गेला ते त्यानं सांगितलं नाही.
तिनं विचारलंही नाही.
हाडाच्या सुईनं एकेक बगळा सोडवत गेली.
बारा दिवस विणलेलं नाव
दिवेलागणीपर्यंत मांडीवर गोळा झालं,
कोमट, कुरळं, मूठभर.

शुक्रवारी मशिदीत खुतब्यात
एका दमात नाव बदललं.
टांकसाळीला आठवडा लागला.
रेशीम मात्र ऐकेना.
पाण्यात भिजवलं
(तेही टाक्यातलं, मुअम्मलनं हिशेबात लिहिलेलं),
दगडाखाली ताणून वाळवलं,
तरी जिथं वळलं होतं तिथं वळतच राहिलं.

नवा नमुना आला. ह्या नावात बगळा एकच,
होड्या दोन, आणि शेवटी विळ्यासारखं काहीतरी
ओळीखाली घसरलेलं.
तिनं तोच धागा धोट्याला भरला.
नवा खलिफा जरा खडबडीत झाला.
हात फिरवला तर कळतं, एरवी नाही,
आणि एवढ्या जवळ कोण जाणार त्याच्या.

हिवाळ्यात तिचा बाप वारला.
भाऊ पिफाम बाजारातून जुनं वस्त्र घेऊन आला,
कुणा अमिराच्या झग्याचं, घासाघीस करून,
मधे विरलेलं, काठ शाबूत.
आमच्याकडे तसं करतात, म्हणाला तो,
जणू तिलाच माहीत नव्हतं:
काठ डोळ्यांवरून यावा मेलेल्याच्या.
घरात वाचणारं कुणी नाही.
शेजारीण म्हणाली, कुणाचं गं हे नाव?
तकलानं अंगठा फिरवला.
तीन बगळे.
टोकाशी पोचली, थांबली, परत मागे आली.
एका जागी वीण डावीकडे आवळलेली,
थोडीशीच, दुखऱ्या खांद्याची असते तशी.

"आईनं विणलंय," म्हणाली,
आणि पेला घेऊन टाक्याकडे गेली.
बापाला आंघोळ घालायची होती,
किती पेले लागतील
कुणी मोजलं नव्हतं.