लोअर आर्मचा बोल्ट

नट सुटला. नट सुटतोच,
त्याला बाहेरची हवा असते.
बोल्ट जागचा हलेना.

सावद्याचा मे महिना, दुपारचे दोन.
रस्त्यापलीकडे केळीचे घड भरत असलेला ट्रक,
अलीकडे पत्र्याखाली माझं गॅरेज,
आणि जॅकवर नेहेते सरांची पांढरी गाडी,
पुढचं डावं चाक काढलेलं.
सर प्लास्टिकच्या खुर्चीत,
वर्गात पेपरावर बसायचे तसेच, ताठ.

एकोणीसचा पाना, पान्याला चार फुटी पाइप,
पाइपला मी लोंबकळलो, माझ्यावर जुम्या.
बोल्ट फिरला.
आम्ही दोघं हसलो, आणि लगेच कळलं
की फिरतोय तो एकटा नाही.
बुशातली नळीही त्याच्याबरोबर फिरतेय,
रबर पीळ खातंय,
हात सैल केला की सगळं परत जिथल्या तिथे.
आत दोघांचं एकच लोखंड झालेलं.

आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं, ते वरवरच राहिलं.
गॅसने तापवलं,
काळा धूर थेट रसवंतीत गेला,
आणि तिथून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार आला.
आटे वाचावेत म्हणून नट पुन्हा चार फेरे चढवून
घण घातला.
आवाज पार बसस्टँडपर्यंत,
बोल्ट तसूभर नाही.

'काहून निघत नाही रे रुबाब?'

मी बॅटरी धरली, त्यांना वाकून बघायला लावलं.
सर, हा गंज आपल्याकडचा नाही.
आपलं ऊन लोखंड सुकवतं, वर मातीचा पापुद्रा देतं,
तीस वर्षांच्या ट्रॅक्टरचा बोल्टही
कुरकुरत का होईना, निघतो.
हा बघा, थरावर थर, फुगलेला,
नखाने काढला तर ढलप्या पडतात.
ही गाडी पाण्याजवळ राहिलीय. खाऱ्या.

सर बराच वेळ वाकलेलेच होते.
'हेमराजची आहे. मुरुडला होता बँकेत, सहा वर्षं.
मस्कतला जाताना इकडे पाठवून दिली.'

घर लागूनच होतं वाटतं समुद्राला?

'म्हणायचा तसं.
दर दिवाळीला म्हणायचा, या.'

ट्रकवरचा हमाल घड मोजत होता,
त्याचा आकडा चुकला, पुन्हा एकपासून.

मग कापायला घेतला.
बुश आणि ब्रॅकेट यांच्यात कागद शिरेल एवढी फट,
तिच्यात हॅक्सॉचं नुसतं पातं,
एका टोकाला फडकं गुंडाळून धरलेलं.
घोटभर चहाएवढं अंतर आणि दीड तास.
दोन पाती मोडली. तिसरं मोडलं नाही,
बोथट झालं फक्त.
दुसऱ्या बाजूने जुम्या. तो मध्येच गाणं म्हणायला लागला,
मी रागावलो, मग वाटलं म्हणू दे.
पाच वाजता आर्म धप्पकन खाली आला,
माझ्या अंगठ्यावर.

मधला तुकडा नळीसकट उचलून
सरांनी रुमालात घेतला.
गरम आहे, म्हटलं. ऐकलं नाही.
चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला,
माझ्या उत्तरपत्रिकेत एवढं कधी शोधलं नव्हतं त्यांनी.
'एवढं खारं असतं का रे पाणी?
आत शिरण्याइतकं?'

मला काय माहीत, सर.
मी तापी पाहिलीय, हतनूरचं धरण पाहिलंय.
समुद्र हा असा बोल्टातच पाहतो,
वर्षात एखाद-दोन वेळा.

नवीन बुश बसवले, नवीन बोल्ट,
त्याच्या अंगाला बोटाने ग्रीस फासलं.
एवढं ग्रीस कशाला, जुम्या पुटपुटला.
जो पुढच्या वेळी काढेल त्याच्यासाठी, मी म्हणालो.
बहुतेक तूच.

'मुरुड किती असेल इथून?' सरांनी विचारलं.
साडेपाचशे धरा.
आर्मचं काही टेन्शन नाही आता, बिनधास्त जा.
'नाही, आता तो तिथे कुठे आहे,' म्हणाले,
आणि पैसे मोजून दिले, सुट्यांसकट.

रुमाल घेऊन गेले. तुकडा त्यातच.
बिलात बोल्ट एक, बुश दोन, मजुरी.
पाती लावायची मी विसरलो.